शेतीच्या जत्रेत इतिहास मंडळाचा स्टॉल कशाला?

पिंपरी-चिंचवड / चाकण : डिसेंबर उजाडला की मोशीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्रात ‘किसान’ प्रदर्शन भरतं. तिकडे पुण्यात भीमथडी जत्रेची गर्दी असते. पुढे उन्हाळ्यात खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर भागात गावोगावच्या यात्रा सुरू होतात, बैलगाड्यांचे घाट गाजतात. ठिबकचे पाइप, ट्रॅक्टर, बियाणं, रोपवाटिका, बचत गटांची पिठलं-भाकरी, असं सगळं एका मैदानात मिळतं. अशा गर्दीत एखाद्या इतिहास मंडळानं टेबल टाकलं की येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “इथं काय विकायला ठेवलंय?”

विकायला काहीच नसतं. उलट अशा टेबलावरची माणसं काहीतरी मागायला आलेली असतात. घरातले जुने कागद बघायला मिळतील का, शिवाराची जुनी नावं सांगाल का, मोटेवर पाणी कसं काढायचे ते आठवतं का, हे त्यांचे प्रश्न. शेतीच्या जत्रेत इतिहासाचं काय काम, असं वाटणाऱ्यांसाठी या प्रश्नांचं महत्त्व समजून घेण्यासारखं आहे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तर जास्तच, कारण इथलं शेत दोन-तीन पिढ्यांत कारखाना, गोदाम नाहीतर सोसायटी झालं.

शेतीची प्रदर्शनं भरवावीत ही कल्पनाही आजची नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दरवर्षी शेतीची प्रदर्शनं भरवावीत, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत, असं सुचवलं होतं. म्हणजे जत्रेत शेतकऱ्यानं फक्त गिऱ्हाईक म्हणून यावं, असं त्यांना वाटत नव्हतं. त्याला जे येतं, जे ठाऊक आहे, त्याचा तिथं मान व्हावा अशी ती कल्पना. इतिहास मंडळाचं टेबल याच विचाराच्या जवळ जाणारं आहे.

पिंपळे सौदागरचा हिशेब

जुन्या कागदांतून काय कळतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच पट्ट्यात आहे. आज उंच इमारती आणि मॉलसाठी ओळखलं जाणारं पिंपळे सौदागर शंभर वर्षांपूर्वी साधं शेतकरी गाव होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या गावाची घर-घर, शेत-शेत पाहणी केली. जमीन किती, कुणाची, कसली, पिकतं काय, कर्ज किती, खाणारी तोंडं किती, हे सगळं मांडून त्यांनी १९१७ साली इंग्रजीत पुस्तक काढलं. भारतातल्या एखाद्या खेड्याच्या अर्थकारणाचा इतका बारीक अभ्यास तोवर फारसा झाला नव्हता. पुढे त्यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचाही असाच अभ्यास केला.

पिंपळे सौदागरचे आकडे आजही अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दिले जातात. १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळात १४ एकर, आणि १९१४-१५ मध्ये फक्त ७ एकर. पाहणीच्या वेळी गावात दीडशेच्या वर जमीनमालक होते आणि त्यांच्या जमिनीचे सातशेच्या वर तुकडे पडले होते. त्यातले निम्म्याहून जास्त तुकडे एक एकरापेक्षाही लहान होते. वाटणी करताना प्रत्येक भावाला चांगल्यातलं थोडं, हलक्यातलं थोडं मिळावं म्हणून प्रत्येक शेताचे तुकडे पाडायचे, ही आपल्याकडची रीत. त्या रीतीचा परिणाम या आकड्यांत दिसतो.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट एकच. १७७१ चा आकडा सांगता आला, कारण त्या काळचं दप्तर शिल्लक होतं. कागद रद्दीत गेला असता तर ‘पूर्वी जमिनी मोठ्या होत्या’ एवढंच म्हणता आलं असतं. किती मोठ्या आणि कधीपासून लहान झाल्या, ते सांगता आलं नसतं. आज या परिसरात कुणी ‘आमच्या आज्याकडं चाळीस एकर होतं’ म्हणालं तर लोक हसून सोडून देतात. कागद असेल तर कुणी हसत नाही.

काळी गेली, आता पांढरीही बदलतेय

मराठी गावाची जुनी विभागणी दोन शब्दांत होते. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि या भागातल्या काळीचं संपादन वेगानं सुरू झालं. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका आली. १९९७ मध्ये मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे अशी बरीच गावं महापालिकेत घेतली गेली. तिकडे खेड तालुक्यात चाकणच्या आजूबाजूला वाहन कारखान्यांचे टप्पे वाढत गेले.

जमीन गेली, मोबदला आला, काहींना नोकऱ्या लागल्या, काहींनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. हे चांगलं की वाईट यावर प्रत्येक घरात वेगळं मत आहे. पण एक गोष्ट सगळ्या घरांत सारखीच घडते. जुना वाडा पाडताना माळ्यावरची लाकडी पेटी खाली येते. त्यात मोडीतले कागद, शेतसाऱ्याच्या पावत्या, वाटणीपत्रं, लग्नाच्या याद्या निघतात. मोडी कुणाला वाचता येत नाही. वाळवी लागलेली असते. नवीन फ्लॅटमध्ये पेटीला जागा नसते. मग ती सगळी रास भंगारवाल्याच्या गाडीत जाते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घराघरांतून असेच कागद गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही याच तळमळीतून. तेव्हा राजवाड्यांना दारोदार जावं लागलं. आज शेतीच्या जत्रेत पंचक्रोशीतली माणसं स्वतःहून एका मैदानात येतात, तेही सवडीनं. इतिहास मंडळासाठी याहून सोयीची जागा नाही.

टेबलावर काय ठेवावं

बहुतेक मंडळं पहिल्यांदा तलवारी, ढाली आणि किल्ल्यांचे फोटो मांडतात. चाकणच्या संग्रामदुर्गाचा फोटो तर हवाच. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी हा भुईकोट सुमारे दोन महिने झुंजवला, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. पण तलवार बघून माणूस फोटो काढतो आणि पुढे जातो. पायली बघितली की तो थांबतो.

चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही लाकडी किंवा पितळी मापं ओळीनं ठेवली की पन्नाशीच्या पुढची बाई हमखास हात लावून बघते. दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे गणित पुणे भागात सर्रास चालायचं. शेजारच्या भागात मणाच्या पायल्या वेगळ्या भरायच्या. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी बलुत्याचं धान्य आणि शेजारपाजारची देवाणघेवाण पायलीवरच चालत राहिली. ‘तुमच्याकडं मणाच्या किती पायल्या?’ एवढं विचारलं तरी दोन गावांतली माणसं टेबलापाशीच वाद घालायला लागतात. तो वादच मंडळानं लिहून घ्यायचा असतो.

जमिनीच्या मापाचंही तसंच. आज गुंठा म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारतात. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. पण जुन्या कागदात गुंठा नसतो, बिघा आणि चावर असतो. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी धरत. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. जत्रेच्या मैदानात चुन्यानं एक गुंठा आखून त्याच्या शेजारी काठीनं मोजणी करून दाखवली, तर शाळेची मुलंही रांग लावतात.

मोट, पाभर, तिफण, कुळव, रहाट असली अवजारं मिळाली तर ठेवावीतच. मात्र त्यावर ‘प्राचीन अवजार’ अशी पाटी नको. ‘याला तुमच्या गावात काय म्हणतात?’ अशी पाटी हवी, आणि शेजारी वही-पेन. एकाच अवजाराच्या भागांना घाटाखाली एक नाव, मावळात दुसरं आणि भीमेच्या काठी तिसरं निघतं. बियाण्याचंही तेच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी तांदूळ आज घरोघर आहे. पण त्याआधी त्याच खाचरात कोणतं भात होतं, त्याचं पीठ कसं लागायचं, पेंढा जनावरं खायची का, हे सांगणारी माणसं आता मोजकीच राहिलीत.

दगड बोलतात, पण रंगवू नका

गावच्या मारुतीच्या पारावर, वेशीजवळ किंवा शेताच्या बांधावर कोरलेले दगड असतात. लढाईत किंवा गाईगुरं राखताना मेलेल्या वीराचा तो वीरगळ. सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा तो सतीचा दगड, त्यावर कोपरातून वळलेला हात असतो. आणखी एक प्रकार गद्धेगाळीचा. वर चंद्र-सूर्य, मध्ये कधी लेख आणि खाली गाढवाचं चित्र. हा दगड थेट जमिनीचाच कागद आहे. अमुक जमीन दान दिली आहे, चंद्र-सूर्य असेतो ती तशीच राहावी आणि ती बळकावणाऱ्याला शिव्याशाप, असा त्याचा अर्थ. सात-बारा नव्हता तेव्हाचा तो ताबा.

रस्ता रुंदीकरणात किंवा मंदिराच्या जीर्णोद्धारात असे दगड उचलून बाजूला टाकले जातात, काही पायात गाडले जातात. काहींना भक्तीनं ऑइल पेंट फासला जातो आणि कोरीव काम बुजतं. इतिहास मंडळानं जत्रेत अशा दगडांचे फोटो लावावेत आणि ‘तुमच्या गावात असा दगड आहे का, कुठं आहे?’ एवढंच विचारावं. एका दिवसात जेवढ्या जागा कळतील, तेवढ्या शोधायला एरवी वर्ष जाईल.

पांढऱ्या मातीच्या टेकाडांचीही माहिती अशीच मिळते. जुन्या वस्तीच्या राखेची, शेणाची, पडक्या भिंतींची ती माती. शेतकरी खत म्हणून ती शेतात नेऊन टाकतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला अशाच टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथं राहणारे लोक सातू पिकवत होते, पुराचं पाणी वळवण्यासाठी बांध आणि चर करत होते, हे त्यातून पुढे आलं. पुणे जिल्ह्याच्या शेतीचा इतका जुना पुरावा एका टेकाडाच्या पोटात होता.

कागद आला तर काय करायचं

जत्रेत स्टॉल मांडला आणि दोन-चार वर्षं टिकवला की लोक कागद घेऊन यायला लागतात. इथं मंडळाची खरी परीक्षा असते. या पट्ट्यात जमिनीच्या कागदाला कोट्यवधीचं मोल आहे. एका जुन्या वाटणीपत्रावरून भाऊबंदकी उकरून निघू शकते. म्हणून काही पथ्यं पाळलीच पाहिजेत.

मूळ कागद मंडळानं ठेवून घेऊ नये. मालकासमोर फोटो काढावा आणि कागद तिथंच परत द्यावा. फोटो कशासाठी वापरणार, कुणाला दाखवणार, हे एका साध्या फॉर्मवर लिहून सही घ्यावी. कागद प्लास्टिक चिकटवून लॅमिनेट करू नये, सेलोटेप लावू नये. साध्या सुती कापडात किंवा आम्लविरहित कागदात सपाट ठेवावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘ही जमीन कुणाची’ या प्रश्नाचं उत्तर मंडळानं देऊ नये. ते काम तहसील, भूमी अभिलेख आणि कोर्टाचं. मंडळानं फक्त कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवावं.

मोडी वाचणारी माणसं कमी असल्यानं अडचण येते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली. तेव्हापासून मोडी जाणकारांना अचानक मागणी आली. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. मंडळातल्या दोन पोरांनी ते वर्ग केले तरी गावाचं काम भागतं.

सरकारी दप्तरातही खूप काही आहे. फेरफार, कडईपत्रक, जुन्या मोजणीचं टिपण, आकारबंद ही कागदपत्रं रीतसर अर्ज करून मिळतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार ज्या गावांत एकत्रीकरण झालं, तिथं जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आजोबांच्या पावतीवरचा नंबर आजच्या सात-बाऱ्यावर सापडत नाही आणि लोक गोंधळतात. जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांची जुळणी लोकांना समजावून सांगितली, तर स्टॉलवरची गर्दी हटणार नाही.

देवस्थानांच्या आणि इनामाच्या कागदांचंही मोल मोठं आहे. चिंचवडच्या देव घराण्याच्या इनामाच्या कागदपत्रांवरून लॉरेन्स प्रेस्टन या परदेशी अभ्यासकानं लिहिलेलं पुस्तक १९८९ साली केंब्रिज विद्यापीठानं छापलं. मोऱ्या गोसावींच्या गावाचा इतिहास असा जगभर वाचला गेला, तो जपलेल्या दप्तरांमुळे.

आणखी एक. कुणी नांगरताना सापडलेलं नाणं किंवा ताम्रपट घेऊन आलं, तर तो विकत घेऊ नये आणि विकायलाही सांगू नये. जमिनीत सापडलेल्या अशा ऐवजाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असं १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो.

शिवाराची नावं लिहून घ्या

कागद नसला तरी माणसाकडे आठवण असते. सगळ्यात लवकर पुसली जाणारी आठवण म्हणजे शेतांची नावं. चिंचमळा, पाणथळ, थोरली पट्टी, खळ्याचं वावर, मसणवट्याचा माळ अशी नावं सात-बाऱ्यावर नसतात. गट नंबर असतो, त्यावर पुढे प्लॉट नंबर आणि मग सोसायटीचं इंग्रजी नाव येतं. ओढा बुजवला की ‘ओढ्याचं शेत’ ही खूणही संपते. पावसाळ्यात एखाद्या नव्या सोसायटीच्या तळमजल्यात पाणी घुसतं, तेव्हा ज्याला त्या जागेचं जुनं नाव माहीत असतं, त्याला आश्चर्य वाटत नाही. म्हणजे ही नावं नुसती हौसेची नाहीत, आजही उपयोगाची आहेत.

यासाठी गावाचा नकाशा मोठ्या कागदावर छापून टेबलावर पसरावा. म्हाताऱ्या माणसाला ‘तुमचं शेत कुठं होतं?’ विचारावं आणि त्यानं बोट ठेवलं की तिथं पेन्सिलनं नाव लिहावं. विहिरी, पाणवठे, गुरांच्या वाटा, खळी, पालखीचा मार्ग, जुनी झाडं, सगळं त्यावर यावं. मुलाखत घ्यायची तर कॅमेरा तोंडासमोर धरून ‘काही सांगा’ म्हणू नये. अवजार हातात द्यावं, मग माणूस आपोआप बोलतो.

बायांना वेगळं विचारलं पाहिजे. सात-बाऱ्यावर त्यांचं नाव क्वचितच असायचं, पण बियाणं राखेत मिसळून मडक्यात ठेवणं, कोठीतलं धान्य वर्षभर पुरवणं, भांगलणीची गाणी, कांद्याच्या काटणीची मजुरी, हे सगळं त्यांच्याकडेच होतं. पुरुष बोलायला लागले की बाया मागे सरतात. म्हणून मंडळात दोन मुली असाव्यात आणि बचत गटाच्या स्टॉलवर जाऊन त्यांनीच वही उघडावी.

जत्रा संपल्यावर

बरीच मंडळं इथं कमी पडतात. फोटो फेसबुकवर जातात आणि विषय संपतो. ज्यानं माहिती दिली त्याला परत काहीच मिळत नाही, मग पुढच्या वर्षी तो टेबलाकडे फिरकत नाही. त्याच्या कागदाचं देवनागरीत केलेलं वाचन छापून त्याला द्यावं. शिवाराच्या नावांचा नकाशा ग्रामपंचायतीत आणि शाळेत लावावा. महापालिकेत गेलेल्या गावांत ग्रामपंचायत नाही, तिथं मंदिराचा सभामंडप किंवा वाचनालय चालेल. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. ज्या कुटुंबांना मूळ कागद सांभाळणं जमणार नाही, त्यांना भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा पुराभिलेखागाराचा रस्ता दाखवावा.

पुढच्या जत्रेला जाणाऱ्यांनी त्याआधी घरातली एक गोष्ट करावी. माळ्यावरची पेटी उघडावी, कागद उन्हात नको पण सावलीत पसरून हवा लागू द्यावी, आणि भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यातला एखादा जत्रेत घेऊन यावा. सोबत घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आणता आलं तर कागदापेक्षाही बरं. मोडी कागद आणखी काही वर्षांनी वाचून घेता येईल, आज्जीची आठवण मात्र तेवढं थांबणार नाही.